रिलेचा रूट आखताना आधी जागा, मग अंतर

लांब पल्ल्याच्या रिलेचा रूट आखायला बसलं की पहिला मोह होतो भागाकाराचा. एकूण १२० किलोमीटर, बारा धावक, म्हणजे प्रत्येकी दहा. दर दहा किलोमीटरला नकाशावर टिंब द्यायचं आणि मोकळं व्हायचं. माझा पहिला रूट मी असाच आखला होता. चौथं टिंब आलं अरुंद पुलावर आणि सातवं एका आंधळ्या वळणावर. नकाशात काहीच खटकत नव्हतं. जागेवर गेले तेव्हा कळलं, त्या पुलाच्या कडेला दोन माणसंसुद्धा नीट उभी राहू शकत नाहीत, आणि मी तिथे पंचवीस टीमचे धावक थांबवणार होते.

तेव्हापासून मी क्रम उलटा केला. आधी धावक बदलायच्या जागा शोधायच्या आणि त्या जोडून जे अंतर येईल तो टप्पा. एकट्याने धावायच्या मॅरेथॉनमध्ये रूट म्हणजे रस्ता. रिलेत मात्र कुठल्याही क्षणी टीममधला एक जण धावत असतो आणि बाकीचे सगळे वाट बघत असतात, नाहीतर गाडीत असतात. रूट त्या सगळ्यांचा असतो. जपानमध्ये १९१७ साली क्योतोहून टोकियोपर्यंत पहिली एकिदेन, म्हणजे रस्त्यावरची लांब पल्ल्याची रिले, झाली, सुमारे ५०८ किलोमीटर, २३ टप्पे, तीन दिवस. एकिदेन हे नावच जुन्या टपालवाटेवरच्या ठाण्यांवरून आलं, जिथे घोडे आणि निरोपे बदलत. ठाणं कुठे असावं हे ठरवताना पाणी आणि चढही बघत. मला रूट आखायची तीच रीत पटते.

बदलाची जागा बघताना मी गाडीतून उतरून तिथे पंधरा मिनिटं नुसती उभी राहते. येणारा धावक किती लांबून दिसतो? निदान २०० मीटर तरी दिसायला हवा, म्हणजे पुढच्याला जॅकेट काढून रेषेवर यायला वेळ मिळतो. जमीन सपाट आहे का? उतारावर बदल ठेवला तर येणारा थांबू शकत नाही आणि जाणारा घाईत पाय मुरगाळतो. गाड्या एका बाजूने आत येऊन दुसऱ्या बाजूने बाहेर पडू शकतात का? एकच तोंड असलेलं मैदान दिसायला कितीही मोठं असो, तिसावी गाडी शिरली की बंद पडतं. फोनला रेंज आहे का? रात्री आवाज होणार, तर शेजारी घरं किती जवळ आहेत? स्वच्छतागृह नसेल तर आणून ठेवायला सपाट जागा आणि ट्रक पोचेल असा रस्ता आहे का?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: गाड्या थांबतात ती बाजू आणि धावक येतो ती बाजू एकच आहे का? एका रिलेत मी मार्शल म्हणून उभी होते, आणि आयोजकांनी पार्किंग रस्त्याच्या पलीकडे दिलं होतं. सकाळभर लोक हातात बाटल्या, टॉवेल, चार्जर घेऊन रस्ता ओलांडत होते. साडेनऊच्या सुमारास एका मुलाने आपला धावक येताना बघितला आणि तो न बघता पळत सुटला. ट्रकवाल्याने ब्रेक मारला म्हणून निभावलं. टायरचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. पार्किंग समोरच्या बाजूला असेल तर ती जागा मी यादीतून काढते, मग टप्पा दीड किलोमीटरने लांबला तरी चालेल.

बदलाची रेषा खडूने नको, चिकटपट्टीने आखा. खडू सकाळच्या दवात जातो. वर्ल्ड ॲथलेटिक्स या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या रोड रिलेच्या नियमात रेषेच्या १० मीटर आधी आणि १० मीटर नंतर अशा दोन खुणा असतात आणि बदल त्या पट्ट्यातच पूर्ण करायचा असतो. हौशी रिलेतही हा वीस मीटरचा पट्टा आखून घ्या. तो नसला की गर्दी रेषेवर चढते आणि धावकाला माणसांमधून वाट काढावी लागते.

जागा ठरल्या की गाडीचं गणित. धावक आडवाटेने आठ किलोमीटर जातो, गाडीला वळसा घालून बावीस किलोमीटर जावं लागतं. वेगवान धावक ते आठ किलोमीटर बत्तीस मिनिटांत कापेल. गाडीला मात्र आधी बदल होऊ द्यायचा, दमलेल्या धावकाला आत घ्यायचं, माणसं मोजायची, मग निघायचं, वाटेतल्या कोंडीतून जायचं, जागा शोधून लावायची आणि पुढच्या धावकाला रेषेपर्यंत पोचवायचं. माझा नियम असा: मोकळ्या रस्त्यावर गाडीला जितका वेळ लागतो त्याच्या दुप्पट वेळ धरा. तो सर्वांत वेगवान धावकाच्या वेळेपेक्षा कमी भरला तरच टप्पा ठेवा. नाहीतर टप्पा लांबवा, किंवा पुढचा धावक आधीच तिथे सोडायची सोय करा.

मोठ्या रिलेत यावर दोन गाड्यांचा उपाय असतो. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये १९८२ पासून होणाऱ्या हूड टू कोस्टमध्ये बारा जणांची टीम, ३६ टप्पे, दोन व्हॅन. पहिल्या व्हॅनचे सहा जण सहा टप्पे धावतात, मग दुसऱ्या व्हॅनचे सहा. म्हणजे वाटेत दोन्ही व्हॅन एकत्र येतात फक्त सहाव्या, बाराव्या, अठराव्या, चोविसाव्या आणि तिसाव्या टप्प्याच्या शेवटी. असा रूट आखताना या पाच जागा आधी नक्की करा, कारण तिथे दुप्पट गाड्या आणि दुप्पट माणसं येणार, काही जण आडवे होऊन झोपणार. मधल्या जागा लहान असल्या तरी भागतं.

यातून जे टप्पे निघतील ते लहानमोठे असतील. असू देत, मला तर ते आवडतात. मॅरेथॉनचं ४२.१९५ किलोमीटर अंतर सहा जणांत वाटायचं असतं तेव्हा अधिकृत वाटणीसुद्धा ५, १०, ५, १०, ५ आणि ७.१९५ अशी असते. जपानमधल्या विद्यापीठांची हाकोने एकिदेन दरवर्षी २ आणि ३ जानेवारीला होते, दहा टप्पे, सुमारे २१७ किलोमीटर. दुसरा टप्पा तेवीस किलोमीटरचा, तिथे विद्यापीठं आपला सर्वांत भक्कम धावक उतरवतात. पाचवा टप्पा डोंगर चढतो, समुद्रसपाटीजवळून ८०० मीटरच्या वर. सपाटीवरचा चांगला धावक तिथे चालेलच असं नाही, म्हणून चढाचा खास माणूस तयार करतात. जो तिथे कमाल करतो त्याला लोक ‘डोंगराचा देव’ म्हणतात. रूटमध्ये असा वेगळेपणा असला की टीमला विचार करावा लागतो, कुणाला कुठे ठेवायचं. नवख्यालाही साडेचार किलोमीटरचा एक टप्पा मिळतो आणि तोही टीमचा होतो.

वेगळेपणा असावा, पण अन्याय नको. एकाच धावकाच्या वाट्याला अनेक टप्पे येत असतील तर प्रत्येकाची बेरीज करून बघा. सहा जणांची टीम, अठरा टप्पे: तिसऱ्या धावकाला तिसरा, नववा आणि पंधरावा टप्पा. मी तक्ता करते आणि प्रत्येक धावकासमोर पाच गोष्टी लिहिते: एकूण अंतर, एकूण चढ, एकूण उतार, रस्ता कसा आहे आणि किती वेळ अंधारात. एकदा तक्ता पुरा झाल्यावर दिसलं की तिन्ही मोठे चढ चौथ्याच्याच वाट्याला आलेत. एकच बदलाची जागा अलीकडच्या मैदानात सरकवली आणि एक चढ पाचव्याकडे गेला.

उताराची बेरीज बहुतेक जण करतच नाहीत. चढ दम काढतो, पण थोडं थांबलं की दम परत येतो. उतारावर मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेकचं काम करतो, त्याचे धागे दुखावतात आणि ते दुखणं एक ते तीन दिवसांत कळसाला पोचतं. एकदाच धावायचं असेल तर चालून जातं. पण ज्याला सहा तासांनी पुन्हा उतरायचं आहे, त्याला पहिलाच टप्पा खडा उतार दिला तर दुसऱ्या टप्प्यावर तो पायऱ्या उतरल्यासारखा धावतो. अशा धावकाचा पुढचा टप्पा मी सपाट आणि आखूड ठेवते आणि माहितीपत्रकात उतार स्पष्ट लिहिते.

अंतर मोजण्याबद्दल थोडक्यात. एकच उपकरण, तीन फेऱ्या. झाडीत आणि उंच इमारतींमध्ये जीपीएस भरकटतं, त्यामुळे एका फेरीवर विसंबू नका. विक्रमासाठी प्रमाणित अंतर हवं असेल तर ते आधी प्रमाणित केलेल्या सायकलनेच मोजावं लागतं, वळणांवर कडेपासून ३० सेंटीमीटरवरून, सर्वांत जवळच्या वाटेने, आणि अंतर कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर वाढवतात. हौशी रिलेला एवढं लागत नाही. पण टप्पा ९.४ असेल तर ९.४ लिहा, नऊ नको. शेवटचे चारशे मीटर अचानक वाढलेल्या धावकाला ती चूक विसरता येत नाही.

आता वेळ. १२० किलोमीटरचा रूट, सर्वांत वेगवान टीम किलोमीटरला चार मिनिटं, सर्वांत हळू साडेसात. सगळ्यांना पहाटे पाचला सोडलं तर ९० किलोमीटरच्या जागेवर पहिली टीम अकराला येईल आणि शेवटची सव्वाचारला. तिथल्या स्वयंसेवकांनी सव्वापाच तास उन्हात उभं राहायचं, रस्ता तेवढा वेळ सांभाळायचा. त्याऐवजी हळू टीम पहाटे चारला सोडा, वेगवान सकाळी नऊला, बाकीच्या त्यांच्या मधल्या वेळी. आता त्याच जागेवर वेगवान टीम तीनला येते आणि हळू सव्वातीनला. सगळ्यांत मागे धावणारी टीमही गर्दीत, टाळ्यांमध्ये धावते. म्हणूनच मी टप्प्याटप्प्याने सुरुवात ठेवते.

तरीही कुणी मागे पडलं तर काय, हेही रूटवरच ठरवून ठेवायचं. हाकोनेत पहिली टीम गेल्यावर ठरावीक वेळेत धावक पोचला नाही तर पुढच्याला राखीव पट्टा देऊन सोडतात (एकिदेनमध्ये बॅटनऐवजी खांद्यावरून घालायचा कापडी पट्टा पुढे देतात). आपल्या टीमचा पट्टा घेऊन येणारा धावक पन्नास मीटरवर दिसत असतानासुद्धा. ते बघताना घशाशी येतं. रस्ता बंद ठेवायला मर्यादा असते, हे मला समजतं. म्हणून ही कट-ऑफची जागा मी फोन लागेल आणि गाडी थेट पोचेल अशीच निवडते, आणि त्या टीमला अर्धा तास आधी निरोप जाईल याची सोय करते. रेषेवर उभ्या असलेल्या मुलीला हे शेवटच्या क्षणी कळू नये.

दिवसा बघितलेला रूट रात्रीचा नसतो. जो टप्पा रात्री तीनला धावला जाणार, तो रात्री तीनलाच, डोक्याला टॉर्च लावून चालून बघा. एकदा मी अशी गेले होते. दुपारी आम्ही रस्त्यावर रंगवलेला पांढरा बाण ठळक दिसत होता. रात्री टॉर्चचा उजेड पाच-सहा मीटरवर गोल पडतो, त्या गोलाबाहेर काही नाही. दव पडून डांबर चकाकत होतं आणि बाण त्या चकाकीत विरघळला होता. मी त्याच्यावरून चालत गेले. बाण कुठे आहे हे माहीत असूनही गेले. दुसऱ्या दिवशी आम्ही तिथे छातीच्या उंचीवर चमकणाऱ्या पट्टीचा बाण लावला.

प्रत्येक वळणावर तीन खुणा हव्यात: वळणाआधी तीस मीटर, वळणावर, आणि वळून पन्नास मीटर गेल्यावर खात्रीचा बाण. चुकीच्या फाट्यावर फुली. तिसरी खूण सर्वांत जास्त उपयोगाची, कारण एकट्याने अंधारात धावणाऱ्याला आपण बरोबर आहोत हे कळायला हवं असतं. आणि ज्या फाट्यावर चूक झाली तर लवकर लक्षात येणार नाही, तिथे बाणावर भागवू नका, माणूस उभा करा आणि त्याला बदली द्या. एका वर्षी आमचा स्वयंसेवक गारठून गाडीत जाऊन बसला. मी त्याला दोष देत नाही, चार तास कुणी त्याच्याकडे फिरकलं नव्हतं. तेवढ्यात एक धावक सरळ गेली, तीन किलोमीटर. पुढच्या जागेवर तिची जोडीदार रेषेवर उभी होती, जॅकेट काढून, कारण कुठल्याही क्षणी ती येईल. चाळीस मिनिटं ती तशीच, हात काखेत, अंधारातून येणारा प्रत्येक टॉर्च बघत. आम्ही जॅकेट घाल म्हटलं, तर म्हणाली, “ती आली आणि मी तयार नसले तर?” तेव्हापासून कुठल्याही फाट्यावर कुणालाही दीड तासापेक्षा जास्त ठेवत नाही, आणि बदलाच्या प्रत्येक जागेवर दहा ब्लँकेट असतात.

रूटमधून रेल्वे फाटक शक्यतो वगळा. हाकोनेत धावकांसाठी डोंगरातली गाडी थांबवतात, पण तो मान शंभर वर्षांच्या परंपरेला मिळालेला आहे. फाटक टाळता येत नसेल तर तिथे किती वेळ गेला ते मोजणारा माणूस ठेवा आणि तेवढा वेळ वजा करा.

शेवटच्या टीमच्या मागून एक गाडी फक्त खुणा काढायला पाठवा आणि निघायच्या आधी तिला रूटवर लावलेल्या बाणांचा मोजून घेतलेला आकडा द्या. आमच्या मागच्या रिलेत २१४ लावले होते, २११ परत आले. उरलेले तीन शोधायला मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. दोन सापडले झुडपात. तिसरा अजून खांबावर होता, आणि दोन अनोळखी सायकलवाले त्याच्याखाली थांबून कुठे वळायचं ते ठरवत होते.