मुलासाठी पहिली इलेक्ट्रिक गिटार घेताय? या चुका टाळा

हौसेनं आणलेली गिटार दोन-तीन महिन्यांत कपाटामागे जाते आणि घरातले म्हणतात, ‘आवडच नव्हती त्याला.’ बहुतेक वेळा हा निकाल चुकीचा असतो. लांब मानेची, उंच तारांची, सूर न धरणारी गिटार मोठ्या माणसालाही नीट वाजवता येत नाही. मोठा माणूस गिटारला दोष देतो, मूल मात्र ‘मलाच जमत नाही’ म्हणून गप्प बसतं. म्हणून रंग आणि नाव बघण्याआधी गिटार त्या मुलाच्या अंगाला बसते का आणि ती नीट लावलेली आहे का, हे बघायला हवं.

‘आधी साधी गिटार शिकू दे, मग इलेक्ट्रिक’

हा सल्ला सर्रास दिला जातो आणि लहान बोटांसाठी तो उलटा आहे. स्टीलच्या तारांच्या अकूस्टिक (पोकळ पोटाच्या, विजेशिवाय वाजणाऱ्या) गिटारवर १२–५३ जाडीचा संच (सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) लावला, तर सहा तारांचा मिळून ताण सुमारे ७४ किलो भरतो. इलेक्ट्रिकवरच्या ९–४२ संचाचा ताण ३८ किलोच्या आसपास, म्हणजे जवळपास निम्मा. नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार बोटांना मऊ असते, पण तिची मान नटपाशी (मानेच्या वरच्या टोकाला तारांच्या खाचा असलेली पट्टी) साधारण ५२ मिलिमीटर रुंद, इलेक्ट्रिकची ४२–४३. शिवाय अकूस्टिकचं पोट जाड असल्यानं मुलाचा उजवा खांदा वर चढतो. मुलाला इलेक्ट्रिकच्या आवाजाची ओढ असेल, तर थेट तीच द्यावी.

वाढत्या अंगाची गिटार घेणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. कपडे वाढत्या अंगाचे घेतले तर बाह्या दुमडता येतात. फ्रेटमधलं, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांमधलं अंतर कमी करता येत नाही.

इथे बघायचं माप म्हणजे स्केल: नटपासून ब्रिजवरच्या (धडावर तारा अडकवायचा भाग) सॅडलपर्यंत, म्हणजे तार टेकते त्या तुकड्यापर्यंत, तारेचा जो भाग कंप पावतो, त्याची लांबी. फेंडर स्ट्रॅटोकास्टरची स्केल ६४८ मिलिमीटर (२५.५ इंच), गिब्सन लेस पॉलची सुमारे ६२८, फेंडर मस्टँगची ६१०. मुलांसाठीच्या गिटारींपैकी स्क्वायर मिनी स्ट्रॅटची ५७८ आणि आयबानेझ मायक्रोची ५६४. खोक्यावरचं ‘थ्री-फोर्थ’ हे माप नसून नुसतं नाव आहे. मिनी स्ट्रॅटची तार पूर्ण स्ट्रॅटच्या ७५ टक्के नव्हे, ८९ टक्के असते. दोन कंपन्यांच्या ‘थ्री-फोर्थ’ गिटारींत फरक असू शकतो, त्यामुळे दुकानात स्केल किती हे आकड्यात विचारावं. सांगता येत नसेल तर टेपनं नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत मोजून दुप्पट करावं.

हा फरक बोटांना कुठे कळतो? पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंतचं अंतर ६४८ च्या स्केलवर ९७ मिलिमीटर येतं, ५७८ च्या स्केलवर ८७. लहान पंजाला हा एक सेंटिमीटर फार मोठा असतो.

विकत घेण्याआधी मुलाला बिनहाताच्या खुर्चीवर बसवा, पाय जमिनीला टेकलेले, गिटार उजव्या मांडीवर. डाव्या हाताचं पहिलं बोट जाड तारेच्या पहिल्या फ्रेटवर ठेवायला सांगा आणि करंगळी चौथ्या फ्रेटपर्यंत नेता येते का बघा. करंगळी अर्धा सेंटिमीटर कमी पडली तर घाबरू नका, ताणानं ती सरावते. कोपर ताठ झालं, अख्खं अंग डावीकडे झुकलं किंवा मनगट काटकोनात वळलं, तर मात्र ती गिटार मोठी आहे. उजव्या बाजूलाही पाहा: हात गिटारच्या कडेवरून सैल पडून पिकअपपाशी (तारांखालचे, कंप टिपणारे चुंबक) यायला हवा, खांदा उचलावा लागता कामा नये. ढोबळ अंदाज सांगायचा तर सहा ते नऊ वर्षांना ५६० ते ५८० मिलिमीटर, दहा-अकराला ६१०, बारानंतर पूर्ण मापाची. पण वय आणि हाताची लांबी यांत तफावत असेल तर हाताचं ऐकावं.

लहान स्केल म्हणजे खेळणं, हा समज काढून टाका. फेंडरनं १९५६ मध्ये म्युझिकमास्टर आणि ड्युओ-सॉनिक ही २२.५ इंची मॉडेल्स विद्यार्थ्यांसाठीच काढली होती.

आता या लहान गिटारींची एक खोड. स्केल कमी झाली की त्याच जाडीच्या, त्याच सुरातल्या तारेचा ताण कमी होतो. ५७८ वर तो ६४८ च्या मानानं सुमारे २० टक्क्यांनी घटतो. त्यावर ९–४२ च्या तारा असतील तर सहावी, म्हणजे सगळ्यात जाड तार लुळी पडते आणि मुलानं जरा जोरात दाबली की सूर चढतो. ट्यूनर (सूर मोजणारं यंत्र) बरोबर दाखवतो, कॉर्ड (एकत्र वाजवलेले सूर) मात्र बेसूर वाजते. उपाय सोपा आहे: १०–४६ चा संच लावा. आखूड गिटारवर त्याचा ताण मोठ्या गिटारवरच्या ९–४२ इतकाच लागतो.

मान खाली पडणारी गिटार

तीन किलोच्या आतली गिटार लहान मुलाला बरी. वजनाइतकाच तोलही महत्त्वाचा. पट्टा अडकवून मुलाला उभं करा आणि दोन्ही हात सोडायला सांगा (तुमचा हात खाली धरलेला असू द्या). मान आपोआप जमिनीकडे गेली, तर वाजवताना मूल डाव्या हातानं ती पेलत राहणार आणि बोटं मोकळी होणार नाहीत. टोकदार, विचित्र आकाराच्या गिटारींत हा दोष वारंवार दिसतो, आणि त्यातल्या काही मांडीवर टिकतही नाहीत. मुलाचं मन नेमकं अशाच गिटारवर बसलं असेल, तर निदान ही परीक्षा घेऊन मग ठरवा. खरखरीत कापडी पट्टा थोडाफार घसरणारा तोल धरतो, गुळगुळीत नायलॉनचा धरत नाही.

हलणाऱ्या ब्रिजचा मोह

फ्लॉइड रोज पद्धतीचा तरंगता ब्रिज पहिल्या गिटारवर नको. त्यात तारांचा ताण आणि मागच्या स्प्रिंगा एकमेकींना तोलून धरतात. एक तार तुटली की उरलेल्या पाचही बेसूर होतात आणि नवी तार लावणं अर्ध्या तासाचं काम होऊन बसतं. स्थिर ब्रिज सगळ्यात चांगला. स्ट्रॅटसारखा हलणारा ब्रिज आधीच घेतला असेल, तर मागचं झाकण काढून स्प्रिंगा अडकवलेल्या पट्टीचे दोन्ही स्क्रू सारखे आवळा, गरज पडली तर आणखी एक-दोन स्प्रिंगा घाला. ब्रिज लाकडाला सपाट टेकला की झालं. ब्रिज हलवायची दांडी काढून ठेवा.

खोक्यातून काढली आणि हातात दिली

स्वस्त गिटार वाईटच असते असं नाही, पण ती क्वचितच लावलेली येते. स्वस्त गिटार घेऊन जाणकाराकडून सेटअप (मानेचा बाक, तारांची उंची आणि सूर नीट लावणं) करून घेणं, हे महाग गिटार तशीच वाजवण्यापेक्षा कधीही चांगलं. घरच्या घरी तपासायला ट्यूनर, कडेपासून खुणा सुरू होणारी स्टीलची पट्टी आणि एक व्हिजिटिंग कार्ड पुरतं.

सुरुवात नटपासून करा, कारण नवशिक्याचा सगळा वेळ पहिल्या तीन फ्रेटवर जातो. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा आणि पहिल्या फ्रेटवर डोळा नेऊन पाहा. तार आणि फ्रेट यांत कागद जाईल एवढीच फट हवी. कार्ड सहज सरकत असेल तर नटच्या खाचा उथळ आहेत. याची दुसरी खूण ट्यूनरवर दिसते: मोकळी तार सुरात आहे, पण पहिल्या फ्रेटवर हलकं दाबूनही सूर दहा सेंटहून (सेंट म्हणजे शेजारच्या दोन फ्रेटच्या सुरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) जास्त चढतो. मुलाची एफ कॉर्ड लागत नाही ती बऱ्याचदा यामुळेच. खाचा खोल करायचं काम मात्र कारागिरावर सोडा. कानशीचा एक घास जास्त गेला की नट बदलावा लागतो.

मग मानेचा बाक. जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि मान जिथे धडाला मिळते तिथे एकाच वेळी दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटवर ०.२ ते ०.३ मिलिमीटर, म्हणजे साधारण कार्डाच्या जाडीइतकी फट दिसावी. जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतली सळई) घड्याळाच्या दिशेनं, एका वेळी आठव्या हिश्श्याचा फेरा आवळून पुन्हा सुरात लावून तपासा. तारा खाली आणण्यासाठी ट्रस रॉड पिळणं ही नेहमीची चूक आहे. तारांची उंची सॅडलवरच्या बारीक स्क्रूंनी ठरते, आणि ती बाकानंतरच बघायची: बाराव्या फ्रेटच्या डोक्यापासून तारेच्या खालच्या बाजूपर्यंत जाड तारेला २ मिलिमीटर, बारीक तारेला १.५. अडीच-तीन मिलिमीटरवर मुलाची बोटं दहा मिनिटांत दुखू लागतात.

शेवटी बारावा फ्रेट: तिथली हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर एक यायला हवेत. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे, उतरलेला असेल तर पुढे. जुन्या तारांवर हे करू नका, आकडे फसवतात.

तारा झणझणत असतील तर कुठे, यावरून कारण कळतं. फक्त मोकळी तार झणझणते म्हणजे नटची खाच फार खोल गेली आहे. पहिल्या चार-पाच फ्रेटवर म्हणजे मान गरजेपेक्षा सरळ झाली आहे, बाराव्याच्या पुढे म्हणजे सॅडल खाली गेलं आहे, आणि एकाच ठिकाणी म्हणजे पुढचा फ्रेट उठला आहे. त्याआधी मुलाचं बोट बघा. ते फ्रेटला अगदी लागून, त्याच्या अलीकडे हवं. दोन फ्रेटच्या मधोमध दाबलं तर उत्तम गिटारही झणझणते.

मानेच्या कडेवरून तळहात दोन्ही बाजूंनी फिरवा. कोरड्या हवेत लाकूड आकसतं, धातूचा फ्रेट आकसत नाही, आणि त्याची टोकं बाहेर येऊन ओरखडतात. ती घासून घेता येतात, पण दुकानातच दिसली तर दुसरी गिटार मागा.

‘सूर राहत नाही, खुंट्या खराब आहेत’

दोष सहसा खुंट्यांचा नसतो. नव्या तारा ताणल्या गेलेल्या नसतात. प्रत्येक तार मधोमध धरून हलकेच वर ओढा, पुन्हा सुरात लावा, असं तीन-चार वेळा करा. खुंटीवर जाड तारेचे दोन आणि बारीक तारेचे तीन वेढे पुरेत, खालच्या दिशेनं एकाशेजारी एक. एकावर एक चढलेले सात-आठ वेढे सरकत राहतात. सूर लावताना ‘टिक’ असा आवाज येऊन काटा उडी मारत असेल, तर तार नटमध्ये अडकते आहे. खाचेत मऊ पेन्सिलचं शिसं घासा. आणि सूर नेहमी खालून वर चढवत आणा. जास्त चढला तर पूर्ण उतरवून पुन्हा वर या.

मोठा ॲम्प, मोठा आवाज

दहा वॉटच्या ॲम्पच्या (गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी) जागी शंभर वॉटचा घेतल्यानं आवाज दहापट होत नाही, कानाला सुमारे दुप्पट वाटतो. खोलीत ५ ते १५ वॉट भरपूर होतात. हेडफोनची सोय आणि गाणं जोडायची सोय, या दोन गोष्टी वॉटपेक्षा कामाच्या. हेडफोनवर आवाजाची मर्यादा मोठ्यांनीच लावून द्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात मुलांसाठी ७५ डेसिबल, आठवड्याला ४० तास ही मर्यादा धरली आहे. गेनचं (आवाज फाटका, खरखरीत करणारं) बटण सुरुवातीला कमी ठेवा. पूर्ण गेनवर प्रत्येक चूक भुर्रर्र आवाजात लपते आणि मुलाला आपलं काय चुकतं तेच ऐकू येत नाही.

सिंगल-कॉइल (एकाच वेटोळ्याच्या) पिकअपची गुणगुण हा बिघाड नाही. ॲम्पपासून दूर, थोडं तिरकं बसलं की ती कमी होते. तारांना हात लावल्यावर ती थांबते, हेही नेहमीचंच. हात लावल्यावर ती वाढली, तर जॅकची (गिटारवर केबल घालायची जागा) जोडणी तपासून घ्या. झिणझिण्या आल्या तर त्याच क्षणी प्लग काढा, आणि घरातलं अर्थिंग तपासल्याशिवाय गिटार मुलाच्या हातात परत देऊ नका.

डावखुरं मूल

दोन्ही बाजूंनी धरायला देऊन बघा. तालाचा हात कुठला, हे मूल नकळत टेबलावर ठेका धरताना दाखवतं. डावीकडून सहज वाजवत असेल तर डावखुरीच घ्या. उजवी गिटार उलटी करून तारा बदलणं हा पर्याय नव्हे: नटच्या खाचा जाडीप्रमाणे कापलेल्या असतात, आणि बटणं हाताखाली येतात.

जॅक

घरातल्या गिटारीत सर्वात आधी हाच खिळखिळा होतो. केबल हलवली की खरखर येते, आवाज जातो-येतो. आधी दुसरी केबल लावून बघा. तरी तेच असेल तर जॅकचा बाहेरचा नट (बोल्टवरचा असतो तसा, मानेवरचा नव्हे) सैल झाला आहे. तो बाहेरून पान्यानं नुसता पिळू नका, कारण आतला जॅकही सोबत फिरतो आणि वायरचा टाका तुटतो. जॅकची पट्टी उघडून, आतला भाग बोटांनी धरून मग आवळा. आणि मुलाला पहिल्याच दिवशी केबल पट्ट्याच्या आतून ओवून मग जॅकमध्ये घालायला शिकवा. पाय अडकला तर झटका पट्ट्याला बसतो, टाक्याला नाही.