‘टोसिस’ शब्द कुठेच सापडत नव्हता: माझा अनुभव

सदाशिव पेठेतल्या दवाखान्यात डॉक्टर आईच्या डोळ्याबद्दल ‘टोसिस’ म्हणाले. घरी येऊन टी-ओ-एस-आय-एस शोधलं, मग टी-ओ-एस-एस-आय-एस, मग डबल ओ लावून. अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या जाडजूड डिक्शनरीचं ‘टी’चं पान दोनदा पाहिलं. आईची काळजी, आणि हाती काहीच नाही; रडकुंडीला आले होते.

शेवटी जमलं ते असं. आधी ऐकलेला उच्चार देवनागरीत लिहिला. मग आठवलं, न्यूमोनिया आणि सोरायसिस दोन्ही ‘पी’पासून सुरू होतात, पण तो ‘पी’ बोलत नाहीत. ग्रीकमधून आलेल्या शब्दांत हे बरेचदा होतं. म्हणून टीच्या आधी पी लावला: पी-टी-ओ-एस-आय-एस. लगेच सापडला! मोबाइलवरच्या डिक्शनरीत स्पीकरचं चिन्ह दाबलं, उच्चार तोच. अर्थ: वरची पापणी खाली उतरणं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच ‘पडणं’.

तरी अर्थ ताडून पाहिलाच. आईला समोर बघायला सांगितलं. डावी पापणी बुबुळावर निम्मी उतरली होती, उजवी जागच्या जागी. पुढच्या भेटीत स्पेलिंग कागदावर लिहून नेलं, डॉक्टरांनी हाच शब्द म्हणून सांगितलं.

पीने जमलं नाही तर के, जी, डब्ल्यूही लावून बघा. गुडघ्याचा ‘नी’ के-नेच सुरू होतो.