‘राइझ’ आणि ‘रेझ’ यांच्यात अडकलेले माझे दोन प्रयत्न

इंदूरच्या रामबागेत वाढलेल्या माझ्यासारख्या मुलीचा घरी मराठीशी, बाहेर हिंदीशी आणि परीक्षेत इंग्रजीशी संबंध येतो. बँकेच्या परीक्षेत इंग्रजीच्या विभागाने मला दोनदा मागे ठेवले, आणि दोन्ही वेळा वर जाणे, वर उचलणे या अर्थाच्या शब्दांनी माझे नेमके हातचे गुण घालवले, ही बोच अजून गेलेली नाही.

भंवरकुआ भागातल्या ज्या शिकवणीला मी जात होते, तिथे रेझ, लिफ्ट, एलिव्हेट, होइस्ट, एक्झॉल्ट अशी यादी देऊन सर्वांपुढे ‘उठाना’ हा एकच अर्थ लिहून दिला होता. अशा याद्या पाठ करू नका, हे मी स्पष्टपणे सांगते. ध्वज दोरीने वर चढवला जातो, तिथे होइस्ट येते. वकिलाची उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तिपदी नेमणूक झाली, की वृत्तपत्रे एलिव्हेट लिहितात. आणि पिशवी उचलायची असेल, तर साधे लिफ्ट पुरते. काय उचलले जात आहे, हे कळल्याशिवाय यातला कोणताही शब्द आपला होत नाही.

मात्र मी खरी फसले ती राइझ आणि रेझ यांच्यात. राइझ आपोआप घडते, रेझ कोणीतरी घडवते. पहिल्याची रूपे राइझ, रोझ, रिझन आणि दुसऱ्याची रेझ, रेझ्ड, रेझ्ड, हे मला झोपेतून उठवून विचारले असते तरी सांगता आले असते. तरीही ‘बँकेने व्याजदर वाढवले’ याचे कर्मणी रूप निवडताना मी ‘वेअर रिझन’ला खूण केली, कारण ‘रिझन’ कानाला अधिक भारदस्त वाटले. राइझला कर्म नसते, म्हणून त्याचे कर्मणी रूप होतच नाही. ‘वेअर रिझन बाय’ असे दिसले, की ते वाक्य चूक आहे असे निःशंक समजावे. बँकेने केलेली कृती असल्यामुळे तिथे ‘वेअर रेझ्ड’ हवे होते.

घाबरण्याचे कारण नाही, कारण हा भेद आपल्या भाषेत आधीपासून आहे. भाव चढले आणि भाव चढवले, मूल उठले आणि मुलाला उठवले, दर वाढले आणि दर वाढवले, यांत मराठी माणूस कधीच चुकत नाही. म्हणून वाक्य आधी मनात मराठीत म्हणावे. चढवणे, उठवणे, वाढवणे आले तर रेझ, चढणे, उठणे, वाढणे आले तर राइझ. प्रश्न उद्भवतो तेव्हा अराइझ, आपण तो उपस्थित करतो तेव्हा पुन्हा रेझ. ही कसोटी क्रियापदांपुरतीच आहे, कारण पगारवाढीला ब्रिटिश इंग्रजीत राइझ म्हणतात आणि अमेरिकेत रेझ. आणखी एक सावधगिरी अशी, की रेझसारखाच उच्चार असलेला, पण झेडने लिहिला जाणारा दुसरा शब्द जमीनदोस्त करणे या अगदी उलट अर्थाचा आहे. ऐकून लिहिताना तो हमखास दगा देतो.

शब्दांची लॅटिन मुळे पाठ करण्याचा जवळचा मार्गही मी धरून पाहिला. ‘लेव्ह म्हणजे वर’ एवढेच घोकल्यामुळे अलीव्हिएटचा अर्थ मी ‘उंचावणे’ असा लिहिला. लॅटिनमध्ये ‘लेव्हिस’ म्हणजे हलका. त्यावरूनच एलिव्हेट आले आणि अलीव्हिएटही आले, पण पहिल्यात वस्तू वर जाते आणि दुसऱ्यात दुःखाचा भार हलका होतो. मुळांचा उपयोग शब्द समजल्यानंतर तो लक्षात ठेवण्यासाठी होतो, त्याआधी नाही, असे माझे ठाम मत आहे.

शिकवणीपेक्षा मला अधिक दिले ते आमच्या नात्यातल्या, बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी. ते रोज इंग्रजी वृत्तपत्रातली व्याजदराची किंवा महागाईची एकच बातमी मोठ्याने वाचायला लावत आणि वर जाण्याचे क्रियापद आले, की मला थांबवून विचारत, “वाढले की वाढवले? आणि वाढवले असेल, तर कोणी?” पहिले तीन आठवडे मी जवळजवळ रोज चुकत होते. चौथ्या आठवड्यात त्यांनी विचारण्याआधीच मी स्वतःहून थांबू लागले.