तिमोर-लेस्तेला जाताना पैशाची तयारी

तेलाच्या पैशावर चालणाऱ्या या छोट्या देशात २००० पासून अमेरिकन डॉलरच वापरतात. रुपये तिथे बदलता येतील या भरवशावर राहू नका. पुण्यातच आपल्या बँकेतून किंवा कॅम्पातल्या परवानाधारक मनी चेंजरकडून, पासपोर्ट दाखवून, डॉलर घ्या. रोख ३,००० डॉलरपर्यंत मिळतात, बाकीचे कार्डावर.

काउंटर सोडण्याआधी प्रत्येक नोट उलटसुलट करून बघा. कोपरा फाटलेला, पेनाची रेघ, किंवा २००६ च्या आधीची मालिका (नोटेवर छापलेलं वर्ष) असेल तर तिथल्या तिथे बदलून मागा. राजधानी दिलीतले दुकानदार अशा नोटा बरेचदा घेत नाहीत. एक, पाच, दहाच्या नोटा भरपूर हव्यात, शंभराची मोड सहज मिळत नाही. सुटे पैसे सेंटाव्होंत येतात, शंभर सेंटाव्होंचा एक डॉलर. ही नाणी देशाबाहेर कुठेच चालत नाहीत, म्हणून विमानतळ गाठण्याआधी खर्चून टाका.