फलाटावर कॅमेरा उघडण्यापूर्वी: रेल्वे स्थानकावरील छायाचित्रणाचे नियम आणि रीत

रेल्वे स्थानकावर छायाचित्रे काढू इच्छिणाऱ्याने सर्वांत आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी, ती अशी की रुळांच्या शेजारी प्रकाश, रंग आणि हातवारे यांना ठरलेले अर्थ असतात. दिवसा कोणी दोन्ही हात डोक्यावर उंच धरले, तर भारत आणि ब्रिटन या दोन्ही देशांच्या रेल्वे नियमांत त्याचा अर्थ ‘धोका आहे, गाडी थांबवा’ असा होतो; रात्री दिवा जोरजोराने हलवला, तर तो पांढरा असला तरी अर्थ तोच. गर्दीच्या वरून चित्र मिळावे म्हणून दोन्ही हातांनी मोबाइल उंच धरणारा हौशी छायाचित्रकार किंवा अंधारात मोबाइलचा टॉर्च हलवून मित्राला बोलावणारा प्रवासी आपल्याही नकळत या भाषेत काहीतरी बोलून जात असतो. समोरून येणाऱ्या गाडीच्या चालकाला त्याचा अर्थ लावण्यासाठी एखाद-दुसरा क्षणच मिळतो. हे एकदा नीट समजले, की स्थानकावरील बहुतेक नियमांमागचे कारण वेगळे सांगावे लागत नाही.

फ्लॅशचा नियम याच कारणातून येतो आणि तो सर्वांत काटेकोरपणे पाळायला हवा. ब्रिटनमधील मोठी स्थानके चालवणाऱ्या नेटवर्क रेल या संस्थेने फलाटावर फ्लॅश वापरण्यास कोणत्याही वेळी मनाई केली आहे, कारण त्याने गाडीचा चालक आणि गाडी सोडणारे कर्मचारी विचलित होतात. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर एकाएकी प्रखर प्रकाश पडला, की काही क्षण समोरचे नीट दिसत नाही, आणि फलाटात शिरताना चालकाला नेमके तेच क्षण मोलाचे असतात. मोबाइलमधील फ्लॅश पुष्कळदा ‘ऑटो’वर असतो आणि संध्याकाळी स्वतःहून पेटतो, म्हणून स्थानकात शिरण्यापूर्वीच तो बंद करावा. कॅमेऱ्यात फोकस जुळवण्यासाठी लागणारा छोटा दिवाही असतो. कित्येक कॅमेऱ्यांत तो लाल किंवा नारिंगी असतो, आणि लाल ठिणगीला रुळांजवळ काय अर्थ आहे हे वेगळे सांगायला नको. तो कॅमेऱ्याच्या मेनूतून बंद करता येतो, परंतु फार थोडे लोक ते करतात.

फ्लॅशवाचून फारसे काही अडतही नाही. कॅमेऱ्यावरचा लहान फ्लॅश काही मीटरांपलीकडे पोहोचत नाही, त्यामुळे संपूर्ण गाडी उजळवण्याचे काम त्याच्याने होणारच नसते. उलट जवळच्या चकचकीत पाट्या आणि खिडक्यांच्या काचा तेवढ्या पांढऱ्याफटक होतात. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला दाद देण्याची क्षमता, वाढवावा, लेन्सचे छिद्र मोठे ठेवावे आणि उभ्या गाडीसाठी शटरचा वेग कमी करावा. गाडीच्या एलईडी पाटीवरील नाव छायाचित्रात अर्धवट उमटते, ही तक्रार वारंवार ऐकू येते. त्या पाटीतील दिवे आळीपाळीने उघडमीट करत असतात, डोळ्याला मात्र ते अखंड पेटल्यासारखे दिसतात. शटरचा वेग १/५०० सेकंदाऐवजी १/१०० सेकंदाच्या आसपास ठेवला, तर नाव पूर्ण येण्याची शक्यता बरीच वाढते.

आता फलाटाच्या कडेविषयी जरा विस्ताराने लिहितो, कारण जिवावर बेतणाऱ्या चुका तिथेच घडतात. ताशी ७२ किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात २० मीटर अंतर कापते, आणि १०८ किलोमीटर वेगाने येणारी ३० मीटर. आपण चौकट जुळवत तीन सेकंद घालवले, तर तेवढ्यात ती ९० मीटर पुढे आलेली असते. त्यात मोबाइलचा कॅमेरा आणखी भर घालतो. त्याची नेहमीची लेन्स रुंद कोनाची असते आणि अशा लेन्समधून समोरची वस्तू आहे त्याहून लहान, म्हणजेच दूर भासते. पडद्याकडे पाहत उभ्या असलेल्या माणसाला गाडी अजून लांब आहे असे मनापासून वाटत असते. तो बेफिकीर असतोच असे नाही, त्याच्या डोळ्यांनाच चुकीचे अंतर दाखवले जात असते. म्हणून गाडी येत असताना नजर पडद्यावर खिळवून ठेवू नये. जागा आणि चौकट आधी ठरवावी, पाय पिवळ्या पट्टीच्या आत रोवावेत आणि मग एका जागी उभे राहूनच चित्र घ्यावे. चित्र घेता घेता मागे सरकू नये. फलाटाला दोन बाजूंना रूळ असतील, तर पाठीमागची कडही तितकीच धोकादायक असते. न थांबता धडधडत जाणाऱ्या गाडीबरोबर हवेचा जोराचा झोत येतो, त्यात गळ्यातला कॅमेऱ्याचा पट्टा, ओढणी किंवा सैल पिशवी फडफडते, तेव्हा या वस्तूही अंगाजवळ आवरून धराव्यात. लांब लेन्स वापरणाऱ्याने हेही लक्षात ठेवावे की आपण पट्टीच्या आत असलो, तरी लेन्सचे टोक बाहेर गेलेले असू शकते.

अनेक रेल्वे व्यवस्थापनांच्या फलाटांवर कडेलगत उंचवट्यांच्या फरशा असतात. त्यांची कल्पना जपानच्या सेइइची मियाके यांनी १९६५ साली मांडली आणि १९६७ मध्ये ओकायामा येथे त्या प्रथम बसवल्या गेल्या. पावलांना किंवा काठीला ते उंचवटे जाणवून दृष्टिहीन व्यक्तीला वाट आणि धोका कळावा, हा त्यांचा हेतू आहे. छायाचित्रकाराला तीच पट्टी बॅग ठेवायला आणि तिपाई (ट्रायपॉड) रोवायला सोयीची वाटते. दृष्टिहीन प्रवाशाच्या भरवशाच्या एकमेव वाटेवर अडथळा उभा करणे ही माझ्या मते या छंदातील सर्वांत मोठी असभ्यता आहे.

रुळांवर उतरणे, दोन रुळांमधल्या मोकळ्या जागेत उभे राहणे किंवा यार्डात शिरणे याला कोठेही सवलत नसते. भारतात रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ नुसार रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना प्रवेश केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ओव्हरहेड वायरबाबतही गैरसमज पुष्कळ आहेत. अनेक देशांत तिच्यात २५,००० व्होल्टचा दाब असतो, जर्मनी आणि स्वित्झर्लंडमध्ये १५,००० व्होल्टचा. एवढ्या दाबाच्या तारेला प्रत्यक्ष हात लागावा लागत नाही. वस्तू पुरेशी जवळ गेली, की वीज हवेतून उडी घेते. म्हणूनच उभ्या डब्याच्या टपावर चढून काढलेले छायाचित्र कोणाचे तरी अखेरचे ठरते. पादचारी पुलावरून सेल्फी स्टिक किंवा एकपायी स्टँड बाहेर काढणे हा त्याच धोक्याचा दुसरा प्रकार आहे. काही ठिकाणी तर वीज वरून नव्हे, तर रुळांशेजारच्या तिसऱ्या रुळातून दिली जाते, आणि तो रूळ पाहणाऱ्याला इतर रुळांसारखाच साधा दिसतो.

परवानगीचा प्रश्न देशागणिक, कधीकधी एकाच शहरातील दोन स्थानकांगणिक बदलतो, कारण मेट्रो, मुख्य रेल्वे आणि स्थानकातील दुकानांचा भाग यांचे मालक वेगवेगळे असू शकतात. साधारणपणे स्वतःच्या आवडीसाठी हातात कॅमेरा धरून काढलेली छायाचित्रे एका गटात मोडतात आणि जाहिरात, विवाहपूर्व छायाचित्रण, चित्रीकरण असा व्यावसायिक वापर दुसऱ्या गटात. दुसऱ्या गटासाठी आगाऊ लेखी परवानगी घ्यावी, ती छापून जवळ बाळगावी आणि तिच्यात लिहिलेल्या वेळेपलीकडे थांबू नये. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत छायाचित्रणास मुभा आहे, मात्र तिपाई, दिवे आणि प्रकाश परावर्तित करणारे पडदे वापरता येत नाहीत. तिथेच २००४ साली छायाचित्रणावर सरसकट बंदी घालण्याचा प्रस्ताव आला होता आणि विरोधानंतर २००५ मध्ये तो मागे घेण्यात आला. सुरक्षेची चिंता आणि नागरिकांची मोकळीक यांमध्ये हा विषय असा सतत हेलकावत असतो, त्यामुळे गेल्या वर्षी चालले ते यंदाही चालेल, असे गृहीत धरू नये. सुरक्षा कॅमेरे, तपासणी यंत्रे आणि नियंत्रण कक्ष यांची चित्रे मात्र बंदी लिहिलेली नसली तरी टाळावीत.

परवानगी मागण्यात कमीपणा काहीच नाही. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांनी १८७७ साली पॅरिसच्या सँ-लझार स्थानकात चित्रे रंगवली, तीही रीतसर परवानगी मिळवूनच. वाफेने भरलेल्या त्या छताखाली त्यांना निवांत उभे राहता आले, ते त्यामुळेच. स्थानकात पोहोचल्यावर आधी स्टेशन मास्तरांच्या कार्यालयात किंवा चौकशी खिडकीवर जाऊन आपण कोण, काय टिपणार आणि किती वेळ थांबणार हे दोन वाक्यांत सांगावे. एकदा ओळख सांगितली, की कर्मचारी पुष्कळदा स्वतःहून चांगली जागा सुचवतात आणि कोणत्या फलाटावर कोणती गाडी येणार आहे तेही सांगतात. वेळ निवडताना गर्दीचे तास सोडावेत. प्रवाशांच्या लोंढ्यात तिपाई उघडणे हे नियमात बसत असले, तरी शहाणपणाचे नाही. कपड्यांच्या बाबतीतही एक सूचना लक्षात ठेवावी: रेल्वे कामगारांच्या चमकत्या नारिंगी किंवा पिवळ्या जाकिटासारखे काही घालू नये, कारण ते पाहून चालक रुळांवर काम चालू आहे असे समजू शकतो.

माणसांची छायाचित्रे हा कायद्याहून अधिक मनाचा विषय आहे. स्थानकावर माणूस दमलेला, झोपलेला, रडवेला, कोणाला तरी निरोप देत असलेला असतो. घराबाहेर असूनही तो त्या क्षणी फार खासगी असतो. दूरच्या गर्दीतले चेहरे ओळखू न येण्याइतके लहान असतील, तर अडचण नसते. एखादा चेहराच चित्राचा विषय होणार असेल, तर आधी नजरेने आणि मग शब्दाने विचारावे, चित्र दाखवावे आणि नको म्हटले तर त्यांच्यासमोरच पुसून टाकावे. मुलांच्या बाबतीत पालकांचा होकार हवाच. फलाटावर झोपलेल्या निराधार माणसाचे चित्र त्याला न विचारता काढणे मला कोणत्याही कलेच्या नावाखाली पटत नाही. गाडीची झेंडी दाखवत असलेल्या, दारे तपासत असलेल्या किंवा सिग्नलकडे पाहत असलेल्या कर्मचाऱ्याशी तर बोलूही नये. त्याचे काम संपेपर्यंत थांबावे. अपघात घडला असेल, तर कॅमेरा खाली ठेवावा आणि मदतीसाठी येणाऱ्यांना वाट करून द्यावी.

इतर छायाचित्रकारांशीही काही रीत पाळावी लागते. जो आधी येऊन उभा आहे, त्याच्या चौकटीत जाऊन उभे राहू नये. एखादा प्रवासी मध्ये आला, म्हणून त्याच्यावर ओरडण्याचा अधिकार कोणालाही नाही. स्थानक आधी त्याचे आहे.

इतके करूनही कोणी अडवले, तर कॅमेरा ताबडतोब खाली घ्यावा, आपले तिकीट आणि ओळखपत्र दाखवावे आणि शांतपणे कारण विचारावे. समोरच्याचा आक्षेप एखाद्या विशिष्ट जागेला असतो, तेव्हा जागा बदलूनच प्रश्न सुटतो. काढलेली चित्रे पुसण्यास सांगितले गेले, तर त्यामागील अधिकार देशोदेशी निराळा असतो, हे लक्षात ठेवावे. लंडनच्या महानगर पोलिसांच्या मार्गदर्शक सूचनांत तर झडतीच्या वेळी छायाचित्रे पुसण्याचा अधिकार अधिकाऱ्याला नाही असे स्पष्ट लिहिलेले आहे. तरीही फलाटाच्या कडेशी उभे राहून हुज्जत घालू नये. त्या कर्मचाऱ्याबरोबर कार्यालयात जावे, त्याच्या वरिष्ठांची भेट मागावी आणि लेखी नियम दाखवण्याची विनंती तिथे करावी.