क्षेत्रफळ शिकवताना : धुरा वेगळा, वावर वेगळं

चौथी-पाचवीच्या पोरांना ‘लांबी गुणिले रुंदी’ दोन मिनिटांत पाठ होतं. मग कुंपणाला किती तार लागेल असं विचारलं, की तिथेही गुणून मोकळी होतात. म्हणून सूत्र शेवटी. धुऱ्यावरून एक फेरी मारली ती परिमिती, आत पेरलं ते क्षेत्रफळ, एवढं आधी पक्कं करा.

जुने पेपर खळीने चिकटवून १ मीटर बाजूचे सहा चौरस कापा. शाळेच्या अंगणात ३ मी × २ मी आयत खडूने आखा. दोन्ही कर्ण टेपने मोजा. सारखे आले नाहीत तर आकृती तिरकी आहे, कडेला चौरस बसणार नाहीत. आता पोरांनाच अंथरू द्या. मधे फट नको, एकावर एक नको. एका ओळीत तीन, ओळी दोन.

पुढचा आयत ४ मी × ३ मी. चौरस मात्र तेच सहा! पोरं अडतात. अडू द्या, लगेच सांगू नका. कोणीतरी चार आडवे लावतं, उरलेले दोन कडेने खाली. एका ओळीत चार, अशा ओळी तीन, म्हणजे बारा. सूत्र इथे लिहा.

मग साडेबारा मीटर दोरी घ्या. दर मीटरला चिंधी बांधा, एकूण तेरा. दोरीलाच गाठी मारल्या तर गाठ दोरी खाते आणि माप चुकतं. पहिली आणि तेरावी चिंधी जुळवून पोरांना कोपरे धरायला लावा : ५×१, ४×२, ३×३. दोरी तेवढीच, क्षेत्रफळ ५, ८, ९ चौमी.

पट्टी १ पासून लावणं, एक बाजू सेमीत आणि दुसरी मीटरमध्ये घेणं, या चुका लवकर सुटतात. चिवट चूक एकच : १ चौमी म्हणजे १०० चौसेमी. पेपरच्या चौरसाच्या कडेला सेमीच्या खुणा करून घ्या. एका ओळीत १००, ओळीही १००, म्हणून १०,०००.

शेवटी सातबारा. १ आर म्हणजे १० मी × १० मी, आपले शंभर पेपर. ०.८१ हेक्टर म्हणजे ८१ आर, ८,१०० चौमी, साधारण दोन एकर. हा आकडा फळ्यावर तुम्हीच द्या. घरचा सातबारा आणायला सांगू नका, सगळ्यांच्या घरी वावर नसतं.