लहानपणीची खोली प्लास्टरमधे ओतायची असेल तर

जुन्या घराचं शिल्प करायचं म्हटलं की बहुतेक जण बाहेरून सुरू करतात, गॅलऱ्या, जिना, गच्चीवरची टाकी, आणि शेवटी ते बिल्डरच्या ऑफिसमधल्या मॉडेलसारखं दिसतं. माझं ऐका, आतली मोकळी जागा ओता. ब्रिटिश शिल्पकार रेचल व्हाइटरीडने १९९० मधे हेच केलं, उत्तर लंडनमधल्या जुन्या घराची अख्खी खोली प्लास्टरमधे उतरवली, ती स्वतः वाढली तसल्याच घराची, नाव 'घोस्ट'. भिंतीतला खोलगट भाग तिथे फुगून बाहेर येतो आणि दिव्याच्या बटणाचा खड्डा होतो.

मी डोंबिवलीतलं आमचं स्वयंपाकघर घेतलं, आठ बाय दहा. फुटाला अर्धा इंच धरला की साच्याची चार बाय पाच इंचाची पेटी होते, उंची साडेचार. पेटी सनबोर्डची, म्हणजे हलक्या फोमच्या बोर्डाची करा. खिडकीला भोक पाडून मागून तुकडा लावा, फडताळाचंही तसंच, आणि ओट्यासाठी आत ठोकळा चिकटवा. इथे एक महत्त्वाचं, मापं टेपने नका घेऊ, आठवणीने घ्या. हिशोबाने ओटा सव्वा इंच यायला हवा, मी दोन इंच ठेवला, कारण पाच वर्षांची असताना तो माझ्या नाकाशी यायचा आणि वर काय शिजतंय ते फक्त वासावरून कळायचं. खिडकी मात्र लहान झाली, का ते माहीत नाही, पण तशीच राहू दिली.

सांधे बाहेरून शाडूने बंद करा, आतून व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा. एक लिटर पाण्याला साधारण दीड किलो प्लास्टर ऑफ पॅरिस, आणि पाण्यात प्लास्टर भुरभुरवायचं, प्लास्टरवर पाणी ओतायचं नाही, नाहीतर गुठळ्या होतात. मिनिट-दोन मिनिटं भिजू द्या, मग हळू ढवळा, लगेच ओता, पेटी टेबलावर टकटक आपटा म्हणजे बुडबुडे वर येतात. घट्ट होताना ते चांगलंच तापतं, तेव्हा आत हात घालू नका, आणि उरलेलं मोरीत तर अजिबात ओतू नका, पाइप कायमचा बंद होईल.

तासाभराने एकेक भिंत सोडवा, घाई नको. माझ्याकडून खिडकीच्या कोपऱ्यात व्हॅसलीन लावायचं राहिलं आणि कोपरा तुटला. दर पावसाळ्यात आमच्याकडे तिथेच ओल धरून पोपडे पडायचे, म्हणून भरला नाही.